एक संस्थान, तीन राज्ये : जुन्या हैदराबाद राज्यातील मुस्लिम मतदारांचा कल

निवडणूक जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडते : 'मुसलमानांची मते गठ्ठ्याने पडतात.' उमेदवार हिशेब मांडताना हे वाक्य उच्चारतात, वर्तमानपत्रे त्यावर स्तंभ लिहितात आणि विशेष म्हणजे मुसलमान स्वतःही ते म्हणतात. काही जण तक्रारीच्या सुरात, तर काही जण अभिमानाने. प्रस्तुत लेखात या वाक्याची तपासणी करण्याचा प्रयत्न आहे.

तपासणीसाठी जुन्या हैदराबाद संस्थानाचा प्रदेश निवडला आहे. त्याचे कारण सोपे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि हे एक राज्य तीन ठिकाणी वाटले गेले. तेलुगू भाग आंध्र प्रदेशात (२०१४ पासून तेलंगणात), मराठी भाग मुंबई राज्यात व पुढे १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि कन्नड भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. तिन्ही भागांतील मुसलमानांची घरची बोली दखनी, सणवार, नातीगोती, दर्गे आणि १९४८ च्या आठवणी बव्हंशी समान आहेत. राजकीय परिस्थिती मात्र १९५६ नंतर वेगवेगळी झाली. धर्मामुळेच मत ठरत असते तर या तिन्ही ठिकाणी ते एकाच दिशेने जायला हवे होते. ते तसे गेले का, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न लेखकाला पुस्तकातून सुचलेला नाही. आजोळ नांदेड जिल्ह्यातले, एक खाला गुलबर्ग्याला दिलेली आणि स्वतःचा संसार हैदराबादेत, अशी आमची तीन राज्यांत विखुरलेली बिरादरी आहे. काही वर्षांपूर्वी एका लग्नात तिन्हीकडची मंडळी एकाच दस्तरखानावर बसली होती. बोलणे निवडणुकीवर आले. नांदेडचे मामूजाद भाई म्हणाले, "२०१२ ला महापालिकेत पतंगाला दिलं, २०१७ ला पंजाला दिलं." खाला म्हणाल्या, "आमच्याकडे माणूस बघतात, चिन्ह नंतर." आणि याकूतपुऱ्यातले आमचे साडू शांतपणे म्हणाले, "हमारे यहाँ तो सीट पक्की है, मैं गयाच नै." एकाच घराण्यातली ही तीन उत्तरे होती. पुढील विवेचन म्हणजे या तीन उत्तरांमागची कारणे शोधण्याचा प्रयत्न होय.

मत गुप्त असते, मग कल कळतो कसा?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कोणत्या धर्माच्या माणसाने कोणाला मत दिले, याची सरकारी नोंद कोठेही नसते. ज्याला आपण 'मुस्लिम मतांचा कल' म्हणतो, तो दोन मार्गांनी काढलेला अंदाज असतो.

पहिला मार्ग मतदानोत्तर सर्वेक्षणाचा. यात मतदान झाल्यावर नमुना म्हणून निवडलेल्या मतदारांना प्रश्न विचारतात. राष्ट्रीय पातळीवर असे सर्वेक्षण उपयोगी पडते. पण एखाद्या शहराविषयी बोलायचे तर नमुन्यात आलेले मुस्लिम मतदार फारच थोडे असतात. दुसरा मार्ग मतदान केंद्रनिहाय निकालाचा. निवडणूक अधिकारी 'फॉर्म २०' या तक्त्यात प्रत्येक केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली ते देतात. ज्या मोहल्ल्यात जवळजवळ सगळी वस्ती मुसलमानांची आहे, तेथील केंद्राचा आकडा पाहून अंदाज बांधता येतो. परंतु मिश्र वस्तीतला आणि खेड्यातला मुसलमान या पद्धतीत दिसत नाही. जो दिसतो तो दाट मोहल्ल्यातला. त्यामुळे दाट मोहल्ल्याचा कल म्हणजे साऱ्या समाजाचा कल, अशी चूक सहज होते. 'गठ्ठा' या कल्पनेचा एक उगम या मोजणीतच आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

समान वारसा : १९४८ आणि त्यानंतर

निजामाच्या राज्यात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून मिळे. शहरी मुसलमानांचा मोठा वर्ग सरकारी नोकरीवर अवलंबून होता. १९२७ मध्ये स्थापन झालेली मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन १९४६ नंतर लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या हाती गेली. रझाकारांचे अत्याचार आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्याही काळात मुसलमानांचे मत एक नव्हते, याचा ठळक पुरावा म्हणजे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान. भारतात विलीन व्हावे असे लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. कारवाईनंतर काय घडले, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. कारवाईच्या काळात व त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा या समितीचा अंदाज होता. आणि सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना बसली होती. एकीकडे रझाकारांची आठवण आणि दुसरीकडे या हिंसेची आठवण, अशा दोन जखमा घेऊन येथील समाज १९५२ च्या पहिल्या निवडणुकीला सामोरा गेला.

नोकरी गेलेली, भाषा बदललेली आणि नेतृत्व तुरुंगात किंवा पाकिस्तानात गेलेले, अशा अवस्थेत बहुतेक मुसलमानांनी काँग्रेसचा आसरा घेतला. त्यात आवडीपेक्षा सुरक्षिततेचा भाग मोठा होता. काही जण डाव्या पक्षांकडेही गेले. शायर मखदूम मोहिउद्दीन हे १९५२ मध्ये हुजूरनगरहून विधानसभेत गेले, ते कम्युनिस्ट म्हणून. तात्पर्य, आरंभबिंदू जवळपास एकच होता. वाटा पुढे फुटल्या.

हैदराबाद शहर : दाट वस्ती, पक्की जागा

आज जुन्या शहराचे नाव घेताच मजलिस आठवते. पण हे पहिल्यापासून तसे नव्हते. १९५७ मध्ये हैदराबादच्या लोकसभा मतदारसंघातून विनायकराव कोरटकर हे काँग्रेसचे मराठी भाषक नेते निवडून आले. जुन्या शहरातील पत्थरगट्टीतून त्याच वर्षी काँग्रेसच्या मासूमा बेगम आमदार झाल्या व पुढे मंत्री झाल्या. म्हणजे पुराणशहरातील मुसलमानांनी एका मुस्लिम स्त्रीला काँग्रेसच्या चिन्हावर निवडून दिले होते. १९६२ मध्ये त्याच पत्थरगट्टीत मजलिसचे सुलतान सलाहुद्दीन ओवेसी यांनी त्यांचा पराभव केला. कासिम रझवी १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानला गेल्यावर सलाहुद्दीन यांचे वडील वकील अब्दुल वाहिद ओवेसी यांनी मजलिसचे पुनरुज्जीवन केले होते.

तरीही विधानसभेतून लोकसभेपर्यंत पोचायला मजलिसला आणखी बावीस वर्षे लागली. १९७१ मध्ये हैदराबादच्या मतदारांनी तेलंगणा प्रजा समितीचे जी. एस. मेलकोटे यांना निवडले. त्या वेळी वेगळ्या तेलंगणाचा प्रश्न धर्मापेक्षा मोठा ठरला. १९७८ पासून शहरात वारंवार दंगली झाल्या, संचारबंदी हा नित्याचा शब्द झाला, आणि १९८४ मध्ये सलाहुद्दीन ओवेसी लोकसभेवर गेले. तेव्हापासून ही जागा त्यांच्या घराण्याकडेच आहे. २००४ पासून असदुद्दीन ओवेसी निवडून येत आहेत.

याचे कारण केवळ धार्मिक भावना मानणे अपुरे आहे. दारुस्सलाम या पक्ष-कार्यालयात आमदार व नगरसेवक बसतात आणि नळ, गटार, वीजबिल, शाळेचा दाखला, दवाखान्यातली खाट अशी कामे घेऊन माणसे तेथे जातात. १९८४ मध्ये सुरू झालेले दक्कन वैद्यकीय महाविद्यालय, रुग्णालय, सहकारी बँक या संस्था त्याच परिवारातल्या आहेत. सरकारी कचेरीत ज्याची दाद लागत नाही, त्याला येथे निदान ऐकून घेणारा माणूस भेटतो. या व्यवहारात मत हे कामाच्या बदल्यातले देणे असते. मजलिसने १९८० च्या दशकात महापौरपद हिंदू नगरसेवकांनाही दिले, हेही नोंदवले पाहिजे.

येथील मतदार पक्षाला शिक्षाही करतो. बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर १९९३ मध्ये अमानुल्ला खान यांनी मजलिस सोडून 'मजलिस बचाओ तहरीक' काढली. १९९४ च्या विधानसभेत मजलिसला एकच जागा मिळाली आणि तहरीकला दोन. १९९९ मध्ये मजलिस चार जागांवर परत आली आणि २००९ पासून प्रत्येक विधानसभेत तिचे सात आमदार आहेत. परंतु २०२३ मध्ये याकूतपुऱ्यात मजलिसचा उमेदवार तहरीकच्या उमेदवारापुढे केवळ ८७८ मतांनी तरला, आणि नामपल्लीत काँग्रेसपुढे सुमारे दोन हजार मतांनी. बाहेरून गठ्ठा दिसणाऱ्या मतांना आतून किती भेगा आहेत, ते या आकड्यांवरून कळते.

आता आमच्या साडूंचे उत्तर. २०१९ च्या लोकसभेत हैदराबाद मतदारसंघात ४४.८४ टक्के मतदान झाले. २०२४ मध्ये ४८.४८ टक्के. त्या वर्षी तेलंगणाची सरासरी सुमारे ६६ टक्के होती. २०२३ च्या विधानसभेत राज्यात सुमारे ७१ टक्के मतदान झाले, तर याकूतपुऱ्यात सुमारे ४० टक्के. यादीतील दुबार व स्थलांतरित नावांमुळे टक्केवारी काहीशी कमी दिसते, हे मान्य. तरीही दर दहा मतदारांतील पाच-सहा जण घरी बसतात, ही बाब शिल्लक राहतेच. ज्या समाजाची मते गठ्ठ्याने पडतात असे म्हणतात, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध बालेकिल्ल्यात निम्म्याहून अधिक मते पडतच नाहीत.

तेलंगणाचे इतर जिल्हे : बारा टक्क्यांचे गणित

शहराबाहेर मुसलमानांचे प्रमाण कमी आहे आणि मजलिस तेथे सहसा उभी राहत नाही. हैदराबाद जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार मुसलमान सुमारे ४३ टक्के आहेत. साऱ्या तेलंगणात मात्र जेमतेम १२-१३ टक्के. निजामाबाद, महबूबनगर, करीमनगरच्या मतदारापुढे प्रश्न असतो तो दोन मोठ्या पक्षांपैकी एकाची निवड करण्याचा.

येथे धोरणे बोलतात. २००७ मध्ये काँग्रेस सरकारने मागास मुस्लिम गटांना ४ टक्के आरक्षण दिले, त्याचा लाभ गावोगावच्या मुलांना झाला. २०१४ नंतर तेलंगणा राष्ट्र समितीच्या सरकारने 'शादी मुबारक' योजना आणि अल्पसंख्याकांसाठी सुमारे दोनशे निवासी शाळा आणल्या. २०१७ मध्ये उर्दूला राज्यभर दुसऱ्या राजभाषेचा दर्जा मिळाला. २०१४ ते २०२३ या काळात मजलिसने या पक्षाची साथ केली. २०२३ मध्येही मजलिसने तसेच आवाहन केले. पण हैदराबादबाहेर काँग्रेसची लाट आली आणि तिला ६४ जागा मिळाल्या. निजामाबाद शहरात मात्र काँग्रेसचे शब्बीर अली भारतीय जनता पक्षापुढे हरले आणि भारत राष्ट्र समिती तिसरी राहिली. त्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर एकही मुस्लिम आमदार निवडून आला नाही. मंत्रिमंडळातील मुस्लिम मंत्र्याची जागा भरायला ऑक्टोबर २०२५ उजाडावे लागले. अल्पसंख्याकांची मते मिळवणे आणि त्यांना प्रतिनिधित्व देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

मराठवाडा : तिसरा हिस्सा आणि फुटीची संधी

महाराष्ट्रात मुसलमान सुमारे साडेअकरा टक्के आहेत. औरंगाबाद शहरात (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) ते २०११ मध्ये सुमारे ३१ टक्के होते. हा एक-तृतीयांश आकडा मोठा फसवा आहे. एकट्याने जिंकायला तो अपुरा, आणि दुर्लक्ष करायला फार मोठा.

येथेही पहिली तीन दशके काँग्रेसची होती. १९६२ मध्ये औरंगाबादहून रफिक झकेरिया आमदार झाले व मंत्री झाले. मौलाना आझाद महाविद्यालय आणि नव्या शहराची उभारणी यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये औरंगाबाद लोकसभा मतदारसंघाने जनता पक्षाचे समाजवादी नेते बापू काळदाते यांना निवडले आणि १९८० मध्ये काँग्रेसचे काझी सलीम यांना. काझी सलीम हे आधुनिक उर्दू कवितेतले महत्त्वाचे नाव होय. मराठी भाषकांचे बहुमत असलेल्या मतदारसंघातून एक उर्दू शायर लोकसभेत जाऊ शकला, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांना नवल वाटते. १९८८ ची महापालिका निवडणूक आणि त्या सुमाराच्या दंगलीनंतर शहर दोन बाजूंत विभागले गेले. पुढील काळात मतदान 'कोणाला निवडायचे' यापेक्षा 'कोणाला रोखायचे' या विचाराने होऊ लागले.

मजलिसचा मराठवाड्यातील प्रवेश २०१२ चा. नांदेड-वाघाळा महापालिकेत तिला ८१ पैकी ११ जागा मिळाल्या. पाच वर्षांनी २०१७ मध्ये त्याच महापालिकेत तिला एकही जागा मिळाली नाही. काँग्रेसला ७३ मिळाल्या. आमच्या मामूजाद भाईंनी सांगितलेली कथा ती हीच. शहर तेच, मोहल्लेही तेच, पण मताने पाच वर्षांत उलटी दिशा घेतली. त्यांना कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "पहिल्यांदा राग होता, दुसऱ्यांदा पाणी हवं होतं." पालिकेची सत्ता ज्याच्या हाती येणार त्याच्याकडे नगरसेवक असला तर काम होते, हा साधा हिशेब होता.

औरंगाबादेत चित्र वेगळे दिसले. २०१४ च्या विधानसभेत शिवसेना व भारतीय जनता पक्ष वेगळे लढले. औरंगाबाद मध्यमध्ये मजलिसचे इम्तियाज जलील यांना सुमारे ६२ हजार, सेनेला सुमारे ४२ हजार आणि भाजपला सुमारे ४१ हजार मते पडली. सेना-भाजप एकत्र असते तर निकाल बदलला असता, हे बेरजेवरून दिसते. २०१५ च्या महापालिकेत मजलिसला ११३ पैकी २५ जागा मिळाल्या. २०१९ च्या लोकसभेत प्रकाश आंबेडकर यांच्या वंचित बहुजन आघाडीशी युती होती. दलित मतांची जोड मिळाली, शिवाय अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी दोन लाख ८३ हजार मते घेतली, आणि जलील ४,४९२ मतांनी जिंकले. काही महिन्यांत ती युती तुटली आणि विधानसभेत औरंगाबाद मध्य व पूर्व या दोन्ही जागांवर मजलिसचा पराभव झाला. २०२४ च्या लोकसभेत जलील यांना तीन लाख ४१ हजार मते पडूनही ते एक लाख ३४ हजारांनी हरले. त्याच वर्षी विधानसभेला औरंगाबाद पूर्वमध्ये ते अवघ्या २,१६१ मतांनी हरले. तेथे उभ्या असलेल्या इतर मुस्लिम उमेदवारांच्या मतांची बेरीज या फरकापेक्षा बरीच अधिक होती.

'वंचित'ने नांदेडमध्ये मात्र दुसरा धडा दिला. २०१९ मध्ये काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी हरले आणि वंचितच्या उमेदवाराला एक लाख ६६ हजार मते पडली होती. जी युती औरंगाबादेत विजय देते तीच नांदेडात पराभवाचे कारण ठरू शकते, ही चर्चा त्यानंतर घरोघर झाली. २०२४ मध्ये परभणीत मुस्लिम वस्त्यांतील मते ठाकरे गटाच्या मशालीकडे वळल्याची चर्चा सर्वच पक्षांत झाली. ज्या संघटनेविरुद्ध १९८८ नंतर पिढीभर मतदान केले, तिच्याच एका गटाला मत देण्याचा विचार हा समाज करू शकतो. याला कोणी संधिसाधूपणा म्हणेल. कोणी व्यवहारज्ञान म्हणेल. गठ्ठा मात्र म्हणता येणार नाही, कारण गठ्ठा विचार करीत नसतो.

कलबुर्गी व बीदर : माणसामागे मत

कन्नड भागात मजलिस रुजली नाही. येथे कमरुल इस्लाम यांचे उदाहरण बोलके आहे. १९७८ मध्ये ते गुलबर्ग्याहून मुस्लिम लीगचे आमदार झाले. १९९६ मध्ये जनता दलाकडून लोकसभेवर गेले. पुढे काँग्रेसमध्ये आले व २०१३ मध्ये मंत्री झाले. पक्ष बदलले, पण मतदारांचा एक मोठा वर्ग त्यांच्याबरोबर राहिला. खाला म्हणाल्या होत्या ते खोटे नव्हते. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१८ मध्ये त्यांच्या पत्नी कनीज फातिमा काँग्रेसकडून निवडून आल्या.

कर्नाटकात मुसलमानांना ४ टक्क्यांचा '२ ब' प्रवर्ग १९९५ मध्ये देवेगौडा यांच्या काळात लागू झाला. जनता दलाशी असलेल्या आपुलकीचे ते एक कारण होते. २०२२ चा हिजाबचा वाद आणि मार्च २०२३ मध्ये हा प्रवर्ग रद्द करण्याचा भाजप सरकारचा निर्णय यांमुळे त्या वर्षीच्या निवडणुकीत मते काँग्रेसकडे एकवटली. साऱ्या राज्यात निवडून आलेले नऊही मुस्लिम आमदार काँग्रेसचे होते. तरीही कनीज फातिमा यांचे मताधिक्य केवळ २,७१२ होते, आणि त्या लढतीत जनता दलाचाही मुस्लिम उमेदवार होता. एकवटलेली मतेसुद्धा काठावरच तरली. मते एकवटण्याचे कारणही येथे पाहावे : समोर आरक्षणाचा आणि मुलींच्या शिक्षणाचा निश्चित प्रश्न उभा होता.

तिन्ही चित्रे शेजारी ठेवली तर

पहिला निष्कर्ष असा की मताची दिशा मतदारसंघाच्या रचनेवरून ठरते. जेथे समाज बहुसंख्य आहे तेथे स्वतःचा पक्ष शक्य होतो. जेथे तो तिसरा हिस्सा आहे तेथे सोबती आणि प्रतिस्पर्ध्यांची फूट लागते. जेथे तो आठवा-दहावा हिस्सा आहे तेथे मोठ्या पक्षांतून निवड करावी लागते. एकाच घराण्यातील तीन माणसे या तीन ठिकाणी राहिली तर ती तीन प्रकारे मत देतील, आणि तिघेही आपापल्या जागी शहाणेच असतील.

दुसरा निष्कर्ष प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. एका बाबतीत कल बराच स्थिर आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणांत २०१४ व २०१९ या दोन्ही वेळी सुमारे ८ टक्के मुसलमानांनीच भाजपला मत दिल्याचे दिसते. म्हणजे 'कोणाला नको' याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. 'कोण हवा' याबद्दल ते नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पहिला भाग दिसतो आणि तो त्यालाच गठ्ठा म्हणतो.

तिसरा निष्कर्ष पातळीचा. लोकसभेला भीती किंवा आशा मोठी असते, विधानसभेला धोरण आणि आरक्षण, आणि महापालिकेला नळ व गटार. नांदेडच्या २०१२ व २०१७ च्या निकालांत विरोधाभास नाही; प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदलले.

चौथी गोष्ट किमतीची आहे, आणि या लेखाचे प्रयोजन तेच आहे. एखाद्या समाजाची मते ठरलेली आहेत असे एकदा मानले की दोन्ही बाजूंच्या पक्षांना त्याच्याशी बोलण्याची गरज उरत नाही. ज्याला मते मिळणारच आहेत तो काम करायला घाई करीत नाही. ज्याला मिळणारच नाहीत तो मोहल्ल्यात पाऊल ठेवीत नाही. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी दहाच मुस्लिम आमदार निवडून आले, आणि त्या वर्षी राज्यातून एकही मुस्लिम खासदार लोकसभेत गेला नाही. दुसरीकडे, पक्की जागा असलेल्या हैदराबादेत मतदारच घरी बसतो. म्हणजे हा समज दुबळ्याला अदृश्य करतो आणि बलवानाला आळशी करतो.

समारोप

शिक्षणसंस्थांनी कोणत्या पक्षाला मत द्यावे ते सांगू नये. ते त्यांचे काम नाही. परंतु मत म्हणजे काय, ते मोजतात कसे, आपल्या केंद्राचा फॉर्म २० वाचायचा कसा, यादीत नाव आहे की नाही ते तपासायचे कसे, आणि उमेदवाराला वसतिगृहाबद्दल, उर्दू व मराठी शिक्षकांच्या रिक्त जागांबद्दल प्रश्न कसा विचारायचा, हे शिकवणे निश्चितच त्यांचे काम आहे. पदवीच्या वर्गातील मुलांनी आपल्या वॉर्डातील मागील तीन निवडणुकांचे आकडे गोळा करून एक निबंध लिहिला, तर 'आपली मते कोठे जातात' याबद्दलचे कितीतरी गैरसमज त्यांचे स्वतःचेच दूर होतील. मुलींना हा निबंध आवर्जून द्यावा. अनेक घरांत अजूनही 'आपल्याकडे सगळे अमक्यालाच देतात' असे एक पुरुष सांगतो आणि ते सर्वांचे मत समजले जाते.

त्या लग्नानंतर याकूतपुऱ्याच्या साडूंना आम्ही ८७८ हा आकडा सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इत्ते तो हमारी गल्लीमेंच नै गए होंगे." पुढच्या वेळी ते कोणाला मत देतात, हा त्यांचा प्रश्न. जातात की नाही, हे मात्र आम्ही विचारणार आहोत.